विद्युत् चुंबकीय प्रारण : मानवी उद्‌भासन व मापन

शरीर किंवा त्याचा एखादा भाग प्रारणाच्या क्षेत्रात सापडणे, याला उद्‌भासन म्हणतात. प्रस्तुत नोंदीत रेडिओ तरंग व सूक्ष्मतरंग यांच्या उद्‌भासनाचा विचार केला आहे. क्ष-किरण व गॅमा किरण अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे करतात. तेवढी ऊर्जा रेडिओ तरंगांच्या फोटॉनांत नसते. त्यांचा निर्विवादपणे सिद्ध झालेला प्रमुख परिणाम म्हणजे ऊतकांचे (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांचे) तापणे हा होय. त्यामुळे क्ष-किरणांप्रमाणे वर्षानुवर्षांच्या मात्रांची बेरीज येथे करीत नाहीत. शरीरात उष्णता किती त्वरेने निर्माण होते व रक्ताभिसरण ती किती त्वरेने वाहून नेते, हे पाहावे लागते. नेत्रभिंगाला रक्तपुरवठा नसल्याने ते विशेष जपावे लागते.

हवेतील प्रारणाची तीव्रता दर चौ. मी. ला वॉट या एककात देतात. मापकाच्या टोकाशी परस्परांना काटकोनात असलेल्या तीन लहान अँटेना असतात. त्यामुळे तरंग कोणत्याही दिशेने आला, तरी मापन होते. प्रेषकाच्या अगदी जवळ मात्र विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांचे प्रमाण ठराविक नसते व ती स्वतंत्रपणे मोजावी लागतात. परंतु हवेत जे मोजले ते सर्व शरीरात शोषले जाते, असे नव्हे. प्रौढ मनुष्याचे शरीर सु. ७० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या आसपास अँटेनेप्रमाणे अनुस्पंदित होते व सर्वाधिक ऊर्जा शोषते; मुलांच्या बाबतीत ही कंप्रता अधिक असते. म्हणून मर्यादांचा खरा आधार विशिष्ट शोषण त्वरा, म्हणजे दर किग्रॅ. ऊतकात दर सेकंदाला शोषली जाणारी ऊर्जा, हा आहे. जिवंत माणसाच्या डोक्यात मापक घालता येत नाही. म्हणून ऊतकासारखे विद्युत् गुणधर्म असलेल्या द्रवाने भरलेल्या कृत्रिम डोक्यात एषणी फिरवून मोबाइल दूरध्वनीची ही त्वरा काढतात.

कोणती इजा ग्राह्य धरावी, यावरून दीर्घकाळ मतभेद होते. हेर्मान श्वान यांनी १९५३ मध्ये अमेरिकेत उष्णतेच्या हिशोबावरून दर चौ. मी. ला १०० वॉट ही मर्यादा सुचविली. सोव्हिएट रशियाने १९५८ च्या सुमारास कामाच्या पूर्ण दिवसासाठी तिच्या एक-सहस्रांश मर्यादा ठरविली. डोकेदुखी, थकवा यांसारख्या तक्रारीही तेथे महत्त्वाच्या मानल्या होत्या. मॉस्कोतील अमेरिकन वकिलातीवर सूक्ष्मतरंग सोडले जात असल्याचे १९७६ मध्ये जाहीर झाले, तेव्हा हा भेद केवळ शास्त्रीय राहिला नाही. तेथील कर्मचाऱ्यांच्या १९७८ च्या पाहणीत मृत्युप्रमाणावर परिणाम आढळला नाही.

पुढे प्राण्यांवरील प्रयोगांत दर किग्रॅ. ला सु. ४ वॉट या त्वरेला वर्तनात बदल दिसले. (विश्रांत शरीर स्वतः दर किग्रॅ. ला सु. १ वॉट उष्णता निर्माण करते.) आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९८ मध्ये तिच्या एक-दशांश, म्हणजे ०.४ वॉट ही मर्यादा कामगारांसाठी व ०.०८ वॉट ही सामान्य जनतेसाठी धरली. जनतेत मुले व आजारीही असतात आणि त्यांना उद्‌भासनाची कल्पना नसते. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल मनोऱ्यांसाठी या आयोगाच्या एक-दशांश तीव्रता लागू केली. ९०० मेगॅहर्ट्‌झला ती दर चौ. मी. ला ०.४५ वॉट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०११ मध्ये ही प्रारणे ‘संभवतः कर्करोगकारक’ या गटात घातली. त्या संघटनेने करविलेल्या २०२४ च्या आढाव्यात मात्र मोबाइलचा वापर व मेंदूतील अर्बुदे यांचा संबंध दिसला नाही.

मनोऱ्याविषयीची भीती बरीचशी अस्थानी आहे. त्याची शलाका जवळजवळ आडवी जाते व थेट खाली तीव्रता कमी असते. उलट कानाशी धरलेला दूरध्वनी डोक्याला कितीतरी अधिक ऊर्जा देतो; संकेत क्षीण असला, तर तो अधिक शक्तीने प्रेषण करतो. म्हणजे मनोरा हटविल्यास डोक्याचे उद्‌भासन वाढू शकते.

खरे जोखमीचे उद्‌भासन कारखान्यांत आढळते. प्लॅस्टिकचे तक्ते जोडणारी २७.१२ मेगॅहर्ट्‌झची यंत्रे चालविणाऱ्यांचे हात व धड विद्युत् अग्राच्या अगदी जवळ येतात व मर्यादा ओलांडली जाऊ शकते. अग्राभोवती धातूचे आवरण बसविणे, ते भूसंपर्कित करणे आणि अंतर वाढविणे हे उपाय तेथे करतात.