बॉब डिलन ऐकायचाय? दुसऱ्यापासून सुरू करा!

मित्रांनो, अमेरिकेतला बॉब डिलन स्वतः गाणी लिहितो आणि स्वतःच गातो. त्याचे अल्बम चाळिसाच्या आसपास! मग आधी कोणता ऐकायचा?

तुम्ही म्हणाल, ‘सोप्पं आहे, पहिला!’ थांबा, इथंच तर गंमत आहे. १९६२ साली आलेल्या त्याच्या पहिल्या अल्बममध्ये १३ गाणी होती, पण त्याची स्वतःची फक्त २. बाकीची जुनी लोकगीतं आणि इतरांची गाणी. पुढच्याच वर्षी ‘द फ्रीव्हीलिन बॉब डिलन’ आला. त्यातही गाणी १३च, पण ११ त्याची स्वतःची! वय अवघं २२.

म्हणून सुरुवात इथूनच करा. साथीला बहुतेक फक्त गिटार आणि माउथ ऑर्गन. आवाज जरा खरखरीत वाटेल. पण ‘हा कसला गायक!’ म्हणून लगेच बंद करू नका. आई-बाबांबरोबर बसून शब्दांचा अर्थ लावा आणि पुन्हा ऐका. युद्धाबद्दल, अन्यायाबद्दल त्याला काय विचारायचंय ते कळेल.

मग १९६५चा ‘हायवे ६१ रिव्हिजिटेड’. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात त्यानं इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली, तेव्हा काही श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडवली. पठ्ठ्यानं गिटार काही सोडली नाही! तिसरा, शांतपणे ऐकायचा, १९७५चा ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’.

२०१६मध्ये डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं. सुरुवात मात्र दोनच गाण्यांची! तेव्हा तुमच्या वहीत स्वतःच्या दोनच कविता असतील, तर वही जपून ठेवा बरं का!