‘एए’च्या पहिल्या मीटिंगला जाताना
दारू सोडायची इच्छा, एवढीच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (एए) सदस्यत्वाची अट. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या संघटनेच्या मीटिंग महाराष्ट्रात मराठीतही भरतात, बऱ्याचदा शाळेच्या किंवा चर्चच्या खोलीत. घरच्यांना सोबत न्यायचं असेल, तर मीटिंग ‘ओपन’ आहे ना, हे एएच्या हेल्पलाइनवर विचारून घ्या. फी नाही, आडनाव सांगायची सक्ती नाही. एकेक जण आपला अनुभव सांगतो. बाकीचे मधे न बोलता ऐकतात. तुम्ही नुसतं ऐकलंत तरी चालतं. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते, नवख्याने काही टाकलंच पाहिजे असं नाही. काल रात्री प्यायलो, आता कसं जाऊ, असं मनात आणू नका, जा. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना भेटावंच. फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं.