करेंट बंतु!

आमच्या बेळगावच्या घरात गेलेली वीज परत आली की एकच गलका होतो, "करेंट बंतु!" एरवी मराठीत बोलणारे बाबासुद्धा तेव्हा हेच ओरडतात. इंदूरला काकांच्या माळ्यावर एक संगणक आहे. करेंट आल्याचं त्याला आपोआप कळावं, म्हणून मी दिवाळीत काय खटपट केली, त्याची ही हकीकत.

आपल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये माळव्यात देवासला गेले आणि तिथलेच झाले. काकाही नोकरीसाठी इंदूरला गेले ते तिथेच रमले. जाताना आजीच्या आवाजाच्या कॅसेट त्यांनी सोबत नेल्या. आजीचं माहेर गोकाककडचं. त्यामुळे त्यांत जात्यावरच्या मराठी ओव्याही आहेत आणि कानडी पदंही. काकांनी हे सारं संगणकात उतरवून तो चोवीस तास चालू ठेवला. आता बेळगाव-धारवाडची मंडळी इंटरनेटवरून ते ऐकतात. बाबांची तर संध्याकाळ त्याशिवाय सरत नाही.

जूनमधल्या एका वादळी रात्री इंदूरची वीज गेली. ती परत आली, पण संगणक बंदच राहिला. बाबांची घालमेल बघून मी फोन केला, "काका, तेवढं बटण दाबाल का?" अठ्ठ्याहत्तर वर्षांचे काका स्टुलावर चढले, तोल गेला आणि मनगट मोडलं. काकू मला एक शब्दही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

दिवाळीत इंदूर गाठलं. संगणक सुरू होताना ठरावीक कळ दाबली की 'बायोस' नावाचं पान उघडतं. वीज गेली-आली तर काय करायचं, ते तिथे ठरवता येतं : बंद राहा, चालू हो, किंवा आधी होतास तसा हो. मी 'चालू हो' निवडलं. 'आधी होतास तसा' फसवं असतं. यूपीएसने संगणक रीतसर बंद केला असेल, तर तो बंदच होता असं धरून चालतो.

मग कीबोर्ड काढून मेन स्विच पाडला आणि पुन्हा चढवला. पडद्यावर अक्षरं आली : कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा. कीबोर्डच नाही तर दाबायचं काय? काकू पहिल्यांदा हसल्या. अशा चुकीवर अडून बसू नकोस, हेही बायोसमध्येच सांगावं लागलं.

दुसऱ्या रात्री मेन स्विच बंद ठेवून झोपलो. सकाळी संगणक सगळं विसरला होता, घड्याळसुद्धा मागे गेलेलं. आतला सीआर-२०३२ हा बटणासारखा सेल संपला होता. नवा घातला आणि सारं पुन्हा नोंदवलं.

शेवटची अडचण यूपीएसची. बॅटरी संपत आली की तो यूएसबी वायरीतून इशारा देतो आणि 'नट' नावाचा मोफत प्रोग्राम संगणक नीट बंद करतो. पण नेमकी त्याच वेळी वीज परतली तर? संगणकाचा पुरवठा तुटलेलाच नसतो, म्हणून तो उठत नाही. त्यासाठी यूपीएसने स्वतः पुरवठा क्षणभर तोडून पुन्हा जोडायला हवा. सगळ्या यूपीएसना हे जमत नाही. घेण्याआधी दुकानदाराला विचारा.

निघायच्या आदल्या रात्री शेवटची परीक्षा. मेन स्विच पाडला, यूपीएस पूर्ण संपू दिला. काका डाव्या हातात टॉर्च धरून उभे. स्विच वर केला. थोड्या वेळाने माळ्यावर पंखा घरघरला आणि माझ्या मोबाईलवर संगणकानेच पाठवलेला निरोप आला. शब्द मीच लिहून ठेवले होते : करेंट बंतु.

तुमच्याही आई-वडिलांच्या घरी असं एखादं यंत्र असेल, तर निघण्यापूर्वी एकदा स्वतः मेन स्विच पाडून बघा. स्टूल लागलंच, तर तुम्ही असतानाच लागू दे.