जुना टेम्पो घेताना: कुठला बिघाड परवडतो, कुठला नाही



मागच्या महिन्यात विक्रमगडकडच्या एका गटातल्या ताईंचा आम्हाला फोन आला. म्हणाल्या, "मॅडम, एक जुनी पिकअप बघितली आहे. रंग नवा आहे, सीटकव्हर नवीन आहेत, मीटरवर फक्त चाळीस हजार किलोमीटर आहेत. एजंट म्हणतोय, आजच इसार द्या, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. देऊ का?"

आम्ही विचारलं, "ताई, इंजिन थंड असताना गाडी चालू करून बघितली का?"

"नाही हो. आम्ही पोचलो तेव्हा गाडी चालूच होती."

"मग आज इसार देऊ नका," एवढंच आम्ही सांगितलं. असा फोन पहिला नाही आणि शेवटचाही नाही, म्हणून आजचा विषय हाच घेतला आहे.

आम्ही बोलतोय ते काशीगावातून. नाव गाव असलं तरी आता आम्ही मिरा-भाईंदर महापालिकेत आहोत. एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, दुसऱ्या बाजूला अहमदाबाद हायवे आणि घोडबंदर रस्ता. आमचा गट वाडा-विक्रमगडच्या गटांकडून भाजी आणि तांदूळ आणतो आणि इथल्या सोसायट्यांत विकतो. म्हणजे आमचा सगळा धंदा चार चाकांवर आहे. आणि पहिली गाडी घेताना आम्ही सपशेल फसलो होतो, हे आधीच सांगून टाकतो.

ती पिकअपही अशीच चकचकीत होती. गटाची चार वर्षांची बचत आणि वर बँकेचं कर्ज. पहिल्याच पावसाळ्यात मनोरच्या अलीकडे इंजिन तापलं आणि गाडी बंद पडली. मागे मेथी, पालक आणि कोथिंबीर. संध्याकाळपर्यंत भाजी पिवळी पडली. गॅरेजवाल्या मामांनी इंजिन खोललं, तर तेलात पाणी गेलेलं. पण खरं दुखणं पुढेच होतं. बैठकीत बायका एकमेकींना विचारू लागल्या, "गाडी पसंत कोणी केली?" दोघींनी तर बैठकीला येणंच सोडलं. गाडी दुरुस्त झाली, पण गटाची घडी नीट बसायला वर्ष लागलं.

त्यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. जुन्या गाडीत बिघाड असणारच. बिघाड नसलेली जुनी गाडी कोणी विकतच नाही. म्हणून "गाडी चांगली आहे का?" हा प्रश्न अपुरा आहे. विचारायचं असं: "हिच्यात काय काय बिघडलंय, आणि ते नीट करायला किती लागतील, हे आज सांगता येतं का?" ज्या बिघाडाची किंमत आज कळते, तो परवडतो. ज्याची किंमत कळत नाही, त्या गाडीकडे पाठ फिरवायची.

आधी वहीत हिशेब

गाडी बघायला जाण्याआधी वही काढा. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा, भाड्याच्या टेम्पोची एक फेरी ३,००० रुपयांना पडते. स्वतःची गाडी घेतली तर महिन्याचा हप्ता ९,०००, ड्रायव्हरचा पगार १५,०००, विमा आणि दुरुस्तीसाठी बाजूला ६,०००. म्हणजे गाडी हलली नाही तरी ३०,००० गेले. वर एका फेरीला डिझेल ९०० रुपये.

महिन्याला आठच फेऱ्या असतील, तर भाड्याने २४,००० लागतात आणि स्वतःच्या गाडीला ३७,२००. मग गाडी घेऊच नका. वीस फेऱ्या असतील, तर भाड्याने ६०,००० आणि स्वतःच्या गाडीला ४८,०००. इथे गाडी परवडते. या आकड्यांत साधारण पंधरा फेऱ्यांच्या पुढे गाडी घेण्यात अर्थ आहे.

आता गाडी बंद पडली असं धरा. हप्ता आणि पगार चालूच राहतात, शिवाय भाड्याचा टेम्पो बोलवावा लागतो. डिझेलचे ९०० वाचले तरी चुकलेल्या प्रत्येक फेरीमागे २,१०० रुपये जादा जातात. वर्षात अशा वीस फेऱ्या चुकल्या की ४२,००० गेले, गॅरेजचं बिल वेगळं. म्हणजे चाळीस हजारांनी स्वस्त म्हणून घेतलेली गाडी वर्षभरातच महाग पडली.

कुठली गाडी?

टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ साली आला. साधारण पाऊण टन माल, गावातल्या गल्ल्या, जवळचा बाजार, यासाठी तो बरा. बोलेरो पिकअपसारखी गाडी त्याहून जास्त माल आणि लांबचा पल्ला झेपवते. पण कंपनीच्या नावाआधी हे विचारा: आपल्या तालुक्याच्या ठिकाणी ही गाडी नीट करणारा मिस्त्री आहे का? तिचे पार्ट त्याच दिवशी मिळतात का? एरवी कितीही चांगली गाडी असो, पार्टसाठी चार दिवस थांबावं लागलं तर आपल्यासाठी ती भरवशाची नाही.

दुसरं म्हणजे वर्ष. १ एप्रिल २०२०पासून नव्या गाड्यांना बीएस-६ नियम लागला. या गाड्यांचा धूर कमी, पण सेन्सर जास्त. दिवा लागला की मशीन लावून तपासावं लागतं आणि ते प्रत्येक गॅरेजात नसतं. त्याआधीची बीएस-४ गाडी गावच्या मिस्त्रीच्या हातातली, पण तिचं वय जास्त. जवळ कोणतं गॅरेज आहे, त्यावरून ठरवा. सीएनजी गाडी असेल तर टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. टाकीवरच्या पट्टीवरची तारीख बघा.

गाडीपाशी गेल्यावर

आपला मिस्त्री सोबत न्या. त्याला त्या दिवसाची मजुरी द्या, म्हणजे तो आपल्या बाजूने बोलेल. विकणाऱ्याला आधीच सांगा, "दादा, आम्ही सकाळी येतोय, तोवर गाडी चालू करू नका." पोचल्यावर इंजिनला हात लावून बघा. गरम असेल तर "संध्याकाळी परत येतो" म्हणा आणि निघा. थंड इंजिन उठताना कुरकुरत असेल तर ते तेव्हाच कळतं, गरम असताना कळत नाही.

गाडी चालू झाली की धूर बघा. निळसर धूर येत राहिला, तर इंजिन तेल जाळतंय. काळा धूर डिझेल नीट जळत नसल्याची खूण. पांढरा धूर थोडा वेळ येऊन थांबला तर ठीक, इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला तर पाणी आत जात असण्याची शक्यता. तेलाचं झाकण आतून बघा. त्याला दुधाळ चहासारखा थर असेल, तर तेलात पाणी मिसळलंय. आमच्या पहिल्या गाडीत हेच होतं आणि झाकण उघडायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. रेडिएटरचं झाकण मात्र गरम इंजिनवर कधीच उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.

मग वाकून खालून बघा. साडीची काळजी करू नका, पोतं अंथरा. हौदा रंगवता येतो, चेसिस कोणी खालून रंगवत नाही. आणि नेमका खालूनच ताजा काळा रंग दिसला तर जास्त बारकाईने बघा. गंज, तडा किंवा वेल्डिंगचे ठिगळ दिसले तर गाडी सोडा. आमच्या भागात भाईंदरची मिठागरं आहेत, उत्तनची मासळी आहे. मासळीचं खारं पाणी वर्षानुवर्षं ज्या हौद्यातून ठिबकलं, त्या गाडीची चेसिस आतून खाल्लेली असते. शहरात वापरून झालेल्या अशा गाड्या पुढे गावाकडे विकल्या जातात, म्हणून "आधी काय वाहत होतात?" हे जरूर विचारा.

मागचे पाटे मोजा. कंपनीने दिले त्याहून जास्त पाटे घातले असतील, तर गाडीने आयुष्यभर जादा वजन ओढलंय. तिथे मीटरवरचे किलोमीटर कितीही कमी असोत, विश्वास ठेवू नका. मीटर मागे फिरवता येतं. क्लच-ब्रेकच्या पायपट्ट्या, ड्रायव्हरची सीट आणि स्टिअरिंग यांची झीज बघा. मीटर चाळीस हजार म्हणतंय आणि पायपट्टीचं रबर गुळगुळीत झालंय, तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय.

सीटखाली हात घाला. तिथे वाळलेला चिखल, कुबट वास, वायरच्या जोडांवर हिरवट गंज असेल, तर गाडी पुराच्या पाण्यात उभी होती. मुंबईच्या बाजूने आलेल्या गाडीत हे हमखास तपासा. असा वायरिंगचा बिघाड आज इथे, उद्या तिथे निघतो. त्याची किंमत कोणी सांगू शकत नाही.

शेवटी चालवून बघा, आणि रिकामी नाही. आपण नेहमी भरतो तेवढी पोती भरा, आपल्या रस्त्यावर न्या, एखादा चढ चढवा. चढावर इंजिन ओरडतंय पण गाडी पुढे सरकत नाही, तर क्लच गेलाय. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, गिअर आपोआप निसटतो का, परत आल्यावर खाली तेल ठिबकतंय का, हे मिस्त्रीला बघू द्या.

घरी येऊन दोन याद्या करा. टायर, बॅटरी, क्लच, ब्रेक, दिवे ही पहिली यादी. यांचा खर्च मिस्त्री तिथेच सांगतो, तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा. गंजलेली किंवा तडकलेली चेसिस, तेलात पाणी, पुराची गाडी आणि अडकलेले कागद ही दुसरी यादी. यातलं एक जरी असलं, तरी कितीही स्वस्त असो, नको.

कागद हीसुद्धा गाडीच

आरसीवरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळवा. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा, फिटनेस, पीयूसी आणि कर्जाची नोंद बघा. थकलेल्या ई-चलनांचीही चौकशी करा. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथलीही एनओसी लागेल. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. एकूण वजन ३,००० किलोच्या वर असेल तर परमिटही विचारा.

मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी करावं लागतं. पण फिटनेसचा कागद म्हणजे त्या दिवशी गाडी पास झाली एवढंच. इंजिन वर्षभर चालेल याची ती हमी नाही.

पैसे बँकेतून द्या आणि काही रक्कम आरसी आपल्या नावावर होईपर्यंत राखून ठेवा. ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या. अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं आहे. म्हणून पुढे आपली गाडी विकतानाही हे विसरू नका. नाव बदललं की विम्यावरचं नावही चौदा दिवसांत बदलून घ्या.

आणि मैत्रिणींनो, हौद्यात बसून बाजाराला जायची आपली सवय सोडा. मालाच्या गाडीत मागे बसलेल्या प्रवाशांना विम्याचं संरक्षण मिळत नाही.

आमच्या गटाची वेगळी नोंदणी नाही, म्हणून गाडी एका ताईंच्या नावावर आहे. कर्ज सगळ्यांचं, गाडी सगळ्यांची, असा ठराव इतिवृत्तात लिहून सर्वांच्या सह्या घेतल्या. आरसीवर वारसाचं नावही लावलं. गाडी बघायला तिघी जातात, परत येऊन दोन्ही याद्या बैठकीत वाचतात आणि मग सगळ्या मिळून ठरवतात. आमची दुसरी गाडी दिसायला साधी आहे, हौद्याला पोचे आहेत. पण घेताना तिच्यातले सगळे दोष आम्हाला माहीत होते. त्यामुळे ती दुरुस्तीला गेली तरी "पसंत कोणी केली?" असं आता कोणी विचारत नाही.

विक्रमगडच्या त्या ताई दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीला घेऊन गेल्या. गाडी उठायला पाच वेळा किल्ली फिरवावी लागली आणि मागे दोन पाटे जादा निघाले. दुसरं गिऱ्हाईक काही उभं नव्हतं. त्यांनी इसार दिला नाही. आता त्या दुसरी गाडी बघतायत, आणि तोवर भाड्याच्या टेम्पोने भाजी वेळेवर येतेय.

पुढच्या बैठकीत वहीचं एक पान फक्त यासाठी ठेवा आणि फेऱ्या मोजायला सुरुवात करा. गाडी नंतर.