मैदानाचा हक्क आणि वर्गाची अट

शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम आणि पहिल्या सत्राची परीक्षा जवळजवळ एकाच सुमारास येतात, आणि दरवर्षी तोच प्रश्न आमच्यासमोर उभा राहतो. अभ्यासात मागे पडलेल्या खेळाडूला संघात ठेवावे की वगळावे? काही पालकांना खेळ हा अभ्यासाचा शत्रू वाटतो, तर काहींना खेळाडू मुलावर गुणांची अट घालणे हा अन्याय वाटतो. अमेरिकेतील शाळांना या प्रश्नाचा दीर्घ अनुभव आहे. तो समजून घेणे आपल्या उपयोगाचे आहे.

टेक्सास राज्यात शालेय फुटबॉलचे वेड मोठे. उद्योगपती रॉस पेरो यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शिक्षणसुधारणेच्या शिफारशी केल्या आणि १९८४ मध्ये तेथे कायदा झाला. ‘उत्तीर्ण नाही, तर खेळ नाही’ या आशयाच्या नावाने त्यातील एक नियम ओळखला जातो. सहा आठवड्यांच्या मूल्यमापनात एका जरी विषयात शंभरपैकी ७० पेक्षा कमी गुण मिळाले, तर पुढील सहा आठवडे स्पर्धा बंद. हा नियम वाद्यवृंदासारख्या उपक्रमांनाही लागू होता. त्याविरुद्ध पालक न्यायालयात गेले. परंतु १९८५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने नियम वैध ठरविला. पुढे १९९५ मध्ये बंदीचा काळ तीन आठवड्यांवर आणला गेला. आज बंदीच्या काळातही विद्यार्थ्याला सराव करता येतो. म्हणजे अट कायम राहिली. मात्र परतीची वाट जवळ आली.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियातील रिचमंड हायस्कूलचे. तेथे खेळाडूसाठी ४ पैकी २.० ही किमान सरासरी श्रेणी आवश्यक होती. बास्केटबॉल प्रशिक्षक केन कार्टर यांनी आपल्या खेळाडूंकडून २.३ चा करार करून घेतला. १९९९ मध्ये संघ अपराजित असताना काही खेळाडूंनी करार पाळला नाही, तेव्हा त्यांनी व्यायामशाळेला कुलूप लावले आणि संपूर्ण संघाला अभ्यासाला बसविले. काही सामने सोडून द्यावे लागले, गावात संतापही उसळला. कुलपाची कथा सर्वत्र गाजली. आम्हांला मात्र त्यामागचा अभ्यास अधिक मोलाचा वाटतो.

महाराष्ट्रात विचाराची दिशा वेगळी आहे. येथे दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना स्पर्धेच्या स्तरानुसार वाढीव गुण मिळतात. शासकीय नोकरीत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. खेळासाठी दिलेल्या वेळेची ही रास्त कदर होय. परंतु वाढीव गुणांनी गुणपत्रिका सुधारते, गणितातील कच्चेपणा जात नाही. तो आठवीत असतानाच कोणाच्या तरी लक्षात यावा लागतो.

आमच्या वसतिगृहातील अनेक मुले घरातील पहिलीच शिकणारी पिढी आहेत. त्यांच्यापैकी काहींना शाळेत टिकवून ठेवते ते कबड्डीचे मैदानच. ते हिरावून घेतले, तर मूल पुस्तकाकडे वळेलच असे नाही. कदाचित ते घरी परत जाईल. उलट, चांगला खेळतो म्हणून त्याच्या अभ्यासाकडे डोळेझाक केली, तर खेळ थांबल्यावर त्याच्या हाती काहीच उरत नाही. रक्ताळलेल्या पायांनी चंक्रमण करणाऱ्या सोण भिक्खूला तथागतांनी वीणेच्या तारांचा दृष्टान्त दिला होता. तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. ती तार जुळविणे हेच आमचे काम आहे.

म्हणून आमचे मत असे की, अट असावी. ती हंगामाआधी मुलाला आणि पालकांना समजावून सांगावी. घटक चाचणीत मागे पडलेल्या खेळाडूचा सामना थांबावा, सराव थांबू नये. आणि त्याच दिवसापासून त्याच्या कच्च्या विषयाची शिकवणी सुरू व्हावी. शिकवणीची सोय न करता घातलेली अट ही केवळ शिक्षा ठरते. त्यासाठी सायंकाळच्या अभ्यासिकेत गणित आणि इंग्रजी शिकविणारी माणसे हवी आहेत. या शाळेच्या मैदानावर घडलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एक सायंकाळ त्यांच्यासाठी द्यावी, ही आमची नम्र विनंती.