‘कडक’ या विशेषणाची अनेकार्थता आणि कॉइलओव्हरची जोडणी

मराठीत चहा कडक असतो, ऊन कडक असते, भाकरी कडक होते आणि शिस्तही कडक असते. विशेषण एकच, परंतु त्याचा विरुद्धार्थी शब्द शोधू लागताच अर्थांची फारकत उघड होते. कडक चहाच्या उलट पांचट चहा, कडक उन्हाच्या उलट कोवळे ऊन, कडक भाकरीच्या उलट मऊ भाकरी आणि कडक शिस्तीच्या उलट ढिली शिस्त. व्यवहारात या अनेकार्थतेने सहसा काही बिघडत नाही, कारण चहा कोवळा म्हणावा की ढिला असा संभ्रम कोणास पडत नाही. परंतु एकाच वस्तूच्या तीन भिन्न गुणांना हेच विशेषण लागू होऊ लागले म्हणजे संदर्भ साहाय्यास येत नाही. मोटारीची स्प्रिंग व शॉकअप यांच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे, आणि तेथे अर्थाच्या घोटाळ्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते.

मोटारीच्या या अंगास ‘निलंबन’ असा प्रतिशब्द सुचविला जातो. परंतु मराठी वाचकाच्या मनात निलंबन होते ते कर्मचाऱ्याचे. ‘गाडीचे निलंबन बिघडले’ हे वाक्य कारखान्यात कोणी उच्चारणार नाही. तेथे ‘पाटा’, ‘स्प्रिंग’ आणि ‘शॉकअप’ हे शब्द चालतात व ते पुरेसे आहेत. पाटा म्हणजे पोलादी पट्ट्यांची थप्पी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणाऱ्या पद्मिनीला मागे पाटे आणि पुढे वेटोळ्याची स्प्रिंग असे. शॉकअपच्या दांड्याभोवतीच वेटोळ्याची स्प्रिंग बसवून दोहोंचा एक घटक केला आणि त्याच्या नळीवर आटे पाडून स्प्रिंगेची खालची बैठक वरखाली सरकविता येईल अशी सोय केली, म्हणजे क्रीडावाहनांचे हौशी मालक बाजारातून आणून बसवितात तो ‘कॉइलओव्हर’ सिद्ध होतो. मूळ निर्मात्याने जे एकदाच ठरवून टाकलेले असते, ते येथे मालकाच्या हाती येते. अर्थात् काय बदलावयाचे हे नेमकेपणाने सांगण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच येते.

ही जबाबदारी किती अवघड आहे हे जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीसारख्या गावाच्या रस्त्यावर जसे कळते तसे गुळगुळीत महामार्गावर कळत नाही. घनसावंगी तालुक्यातील हा परिसर गोदेच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा व उसाचा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. त्यामुळे तिच्यावरील डांबरी पृष्ठास कालांतराने लांब लाटा येतात. त्यात उसाच्या गाड्यांच्या ओझ्याने पडलेले खड्डे आणि गावोगावचे गतिरोधक यांची भर पडते. लाट गाडीला सावकाश हेलकावते, तर खड्डा व गतिरोधक अकस्मात् धक्का देतात. या दोन पीडा भिन्न आहेत आणि त्यांचे उपायही भिन्न आहेत. कारागिराकडे मात्र दोहोंसाठी एकच मागणी जाते: ‘जरा कडक करा.’

या मागणीचा पहिला अर्थ स्प्रिंगेच्या अंगभूत ताठरपणाचा. स्प्रिंग १ मिलिमीटर दाबण्यास किती किलोग्रॅम भार लागतो, हे त्याचे माप. ते तारेच्या जाडीच्या चतुर्थ घाताच्या सम प्रमाणात, वेटोळ्याच्या व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात आणि कार्यकारी वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. तार केवळ १० टक्के जाड घेतली तर स्प्रिंग सुमारे ४६ टक्के अधिक ताठर होते. यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरते: कोणताही नट कितीही फिरविला तरी तार जाड होत नाही. या अर्थाने कडक हवे असेल तर स्प्रिंगच बदलली पाहिजे.

दुसरा अर्थ पूर्वदाबाचा, आणि सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. स्प्रिंगेचा ताठरपणा मिलिमीटरला ६ किलोग्रॅम आहे, ती चाकाच्या जवळपास थेट वर उभी आहे आणि त्या कोपऱ्यावर गाडीचा ३०० किलोग्रॅम भार आहे असे समजा. गाडी उभी असता स्प्रिंग ५० मिलिमीटर दबलेली राहील. आता बैठकीची कडी फिरवून स्प्रिंग आधीच १० मिलिमीटर दाबून ठेवली, तर पहिल्या ६० किलोग्रॅमपर्यंत ती हलणार नाही आणि उरलेल्या २४० किलोग्रॅमने आणखी ४० मिलिमीटर दबेल. एकूण दबणे तेच, ५० मिलिमीटर. गाडी तेवढी १० मिलिमीटर वर उचलली जाते. पुढील प्रत्येक मिलिमीटरला भार पूर्वीइतकाच, ६ किलोग्रॅमच लागतो. हाताला कडी कडक लागली म्हणून गाडी कडक झाली असे मानणे हा निव्वळ शब्दच्छल होय.

तो निरुपद्रवी मात्र नाही. वरील उदाहरणात पूर्वदाब १० असता चाकास खाली उतरण्यास ४० मिलिमीटर वाव होता. पूर्वदाब ४० केला की तो अवघा १० मिलिमीटर उरतो. काळ्या मातीतील लाटेच्या खोलगट भागात रस्ता चाकापासून दूर जातो, चाक त्याचा पाठपुरावा करू शकत नाही आणि भूमीवरील त्याचा दाब नाहीसा होतो. त्याच क्षणी ब्रेक लावला तर ते चाक गाडी थांबविण्यास काहीच हातभार लावीत नाही. हेलकावे थांबविण्यासाठी कडी आवळली, हेलकावे थांबले नाहीत म्हणून आणखी आवळली, अशा क्रमाने गाडी या अवस्थेस पोहोचते.

तिसरा अर्थ अवमंदनाचा, म्हणजे शॉकअपमधील तेलाच्या विरोधाचा. स्प्रिंगेचा विरोध ती किती दबली यावर, तर तेलाचा विरोध दांडा किती वेगाने सरकतो यावर अवलंबून असतो. गाडी उभी असता हा विरोध शून्य असतो. शॉकअपच्या टोकाची घुंडी फिरविली की तेलाची वाट अरुंद वा रुंद होते, आणि हेलकावा किती लवकर शमेल हे ठरते.

लाटेचा उपाय प्रामुख्याने येथे आहे, हे थोड्या गणिताने स्पष्ट होईल. मूळ स्प्रिंगेवरील सुखवाहू मोटारीची काया सेकंदाला साधारण १ ते १.५ वेळा आंदोलते. लाटेची लांबी १२ मीटर धरली तर ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडीस सेकंदाला सुमारे १.४ हिसके बसतात. दोन्ही आकडे जुळले की हेलकावा वाढत जातो. वरील ६ किलोग्रॅमच्या स्प्रिंगेवर आंदोलनसंख्या सुमारे २.२ होते, म्हणजे तीच लाट आता ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास गाठ घेते. ताठर स्प्रिंगेने संकट टळले नाही, अधिक वेगाकडे ढकलले गेले. ते शमविण्याचे काम तेलाचेच.

आता जोडणी. जुना घटक काढताना त्याच्या माथ्यावरील मधला नट स्प्रिंग दाबयंत्रात जखडल्याखेरीज सैल करू नये. दबलेल्या स्प्रिंगेत शेकडो किलोग्रॅमचा जोर कोंडलेला असतो आणि तो सुटल्यास प्राणावर बेतते. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता ठोकळ्यांवर ठेवावी. ब्रेकची नळी व चाकाजवळील तारा आधी सोडवाव्यात. नव्या घटकाची खालची नळी निर्मात्याने नेमून दिलेल्या आट्यांपर्यंत आत गेलीच पाहिजे, मग गाडी कितीही उंच हवी असो. रबरी बुशांतून जाणारे बोल्ट चाके भूमीवर टेकून गाडीचा भार आल्यावरच अखेरचे आवळावेत. अधांतरी आवळल्यास रबर कायमचे पिळलेले राहते व लवकर फाटते. या शेवटच्या नियमाची उपेक्षा सर्वांत अधिक होते, आणि पुढे दोष बिचाऱ्या शॉकअपवर येतो.

उंची ठरविताना हौशीपेक्षा गतिरोधकाकडे पाहणे श्रेयस्कर. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद असावा. पुढच्या-मागच्या चाकांत २.३ मीटर अंतर असलेली गाडी त्यावर मधोमध आली तर तिच्या पोटाखालील जागेपैकी ४ सेंटिमीटरच खर्ची पडतात. गावकुसाजवळ हौसेने उभारलेला अरुंद, १५ सेंटिमीटरचा उंचवटा मात्र पूर्ण १५ सेंटिमीटर जागा मागतो. ११ सेंटिमीटरवर आणलेली गाडी तेथे अडकणारच. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निर्णयात ही मर्यादा ठामपणे अधोरेखित केली आहे. परिवहन कार्यालयात विचारणा करावयाची ती खरेदीपूर्वी.

उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात. म्हणून प्रथम उंची, मग चाकांची सरळी आणि घुंडी सर्वांत शेवटी, हा क्रम मोडू नये. घुंडी फिरविताना विशेषणे बाजूस ठेवून क्रियापदांकडे वळावे. विशेषणाने जेथे तीन गुण एका गाठोड्यात बांधले, तेथे मराठी क्रियापदाने प्रत्येक व्याधीस स्वतंत्र नाव दिलेले आहे. ‘गाडी डुलायलीय’ असे मराठवाड्याच्या बोलीत कोणी म्हटले तर तेलाचा विरोध अपुरा आहे. घुंडी एकेक खटका आवळावी. ‘आदळायलीय’ म्हणजे दबण्याची वाट संपून आतला रबरी ठोकळा लागतो आहे. येथे उंची वाढवावी वा अधिक ताठर स्प्रिंग आणावी, घुंडीने फारसे साधत नाही. ‘उसळायलीय’ म्हणजे दबलेली स्प्रिंग तेलाला न जुमानता परतते आहे; परतीचा विरोध वाढवावा. ‘थरथरायलीय’ म्हणजे विरोध अतिरेकी झाला असून बारीक खडीचा धक्काही तेल गिळू शकत नाही. घुंडी सैल करावी. ‘घासायलीय’ यास भाष्य नको.

घुंडी पूर्ण बंद करून तेथून खटके मोजीत मध्यावर यावे, तीच आरंभीची जागा धरावी, आणि डाव्या-उजव्या बाजूंचे खटके समान ठेवावेत. एका वेळी एकाच आसाचे दोन खटके बदलून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने पुन्हा जावे व काय जाणवले ते क्रियापदासह वहीत टिपावे. नव्या स्प्रिंगा काही दिवसांत किंचित बसतात. म्हणून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची चारही मापे पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा घेऊन कड्या तपासाव्यात.