बळसाणे की प्रकाशे?

प्रवासास निघण्यापूर्वी घरात जो वाद होतो, तो पुष्कळदा प्रवासाहूनही अधिक बोधप्रद ठरतो, असा आमचा अनुभव आहे. गेल्या मार्गशीर्षात एका मंगलकार्यानिमित्त आम्ही सहकुटुंब नंदुरबारास गेलो होतो. कार्य आटोपले, पाहुणे पांगले आणि परतीच्या गाडीपूर्वी एक दिवस मोकळा उरला. त्या दिवसात काय पाहावे, हा प्रश्न रात्रीची पंगत उठल्यावर निघाला. मंडळी आम्ही नऊ. त्यांत सर्वांत वडील आमची अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, आणि सर्वांत धाकटा आमच्या बंधूंचा नऊ वर्षांचा चिरंजीव.

स्थळे दोन सुचली. पहिले बळसाणे. नंदुरबारच्या दक्षिणेस, धुळे जिल्ह्याच्या हद्दीत, बुराई नदीच्या काठी हे गाव आहे. तेथील भग्न मंदिरांना लोक हेमाडपंती म्हणतात. वस्तुतः यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, आणि ही मंदिरे त्याच्याही आधीची मानली जातात. परंतु जुने काळ्या दगडाचे देऊळ दिसले की ते हेमाडपंताच्या नावावर घालण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. हेन्री कझिन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवर 1931 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बळसाण्यास स्थान दिले आहे. कोरीव खांब, नक्षीदार भिंती, पडझडीतूनही उठून दिसणारे शिल्प, असे डोळ्यांचे पारणे फेडणारे हे स्थळ.

दुसरे प्रकाशे. उत्तरेस, शहादे तालुक्यात, तापी आणि गोमाई यांच्या संगमावर. दक्षिणकाशी म्हणून त्याची ख्याती. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर ही तेथील देवस्थाने भाविकांस परिचित आहेत. परंतु पुराणवस्तूंच्या अभ्यासकांस प्रकाशे माहीत आहे ते संगमाजवळच्या मातीच्या टेकाडामुळे. 1955 साली भारतीय पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी तेथे उत्खनन केले. अनेक पुरुष खोल खणल्यावर एकावर एक बसलेले वस्तीचे चार कालखंड उघडकीस आले. सर्वांत तळाशी ताम्रपाषाणयुगातले लोक होते. त्यांना लोखंड ठाऊक नव्हते. तांबे थोडे, म्हणून गारगोटीच्या जातीच्या दगडांची बारीक पाती ते वापरीत; आणि रंगविलेल्या मडक्यांत शिजवीत. हा काळ आजपासून साडेतीन हजार वर्षांमागचा. त्यानंतर वस्ती काही शतके खंडित झाली. पुढे लोखंड वापरणारे लोक आले, आणि ती परंपरा सुमारे अकराव्या शतकापर्यंत चालली.

आमच्या बंधूंचा कौल बळसाण्यास पडला. “दादा, मुलांना काही दिसले तर पाहिजे! मातीच्या ढिगाऱ्यापुढे उभे राहून ती काय बोध घेणार?” हे म्हणणे खोटे नव्हते. थापरांचे खड्डे केव्हाच बुजले, आणि सापडलेल्या वस्तू तेथून हलविल्या गेल्या. उलट आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे, की आईंना तीर्थस्नानाचे पुण्य मिळावे, तेव्हा प्रकाशेच बरे. अर्धा घटका आम्ही आईच्या वतीने भांडलो. मात्र आईला कोणीच विचारले नाही!

शेवटी तीच म्हणाली, “अरे, पुण्याचे राहू द्या. मी आठ वर्षांची असताना नानांनी मला ते खणणे पाहायला नेले होते. खड्ड्याच्या भिंतीला थरांप्रमाणे चिठ्ठ्या टोचलेल्या होत्या. नाना म्हणाले, ‘बघ, ही सगळी घरे एकमेकांच्या डोक्यावर बसली आहेत.’ ती जागा एकदा पुन्हा पाहीन म्हणते. पुढच्या खेपेला माझे गुडघे काही यायचे नाहीत.”

वाद तेथेच मिटला. खरे सांगायचे तर आम्ही ओशाळलो. आजोबांबरोबरची ही गोष्ट तिने आम्हांस आजवर सांगितली नव्हती, आणि आम्हीही कधी विचारली नव्हती.

सकाळी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून मोटारीने निघालो. टेकाड पाहून मुलांची प्रथम निराशाच झाली. झुडपे, पायवाट, आणि खाली नदी. आई काठी टेकीत दहा-बारा पावले चढली आणि थांबली. तिने धाकट्याला जवळ घेऊन एके ठिकाणी बोट दाखविले. पावसाने माती वाहून गेली होती तेथे खापराचे तुकडे वर आले होते. पोराने एक उचलून खिशात घालण्याचा बेत केला, तेव्हा ती म्हणाली, “ठेव जागेवर. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून भांडे आणतात का?” त्यावर त्याने विचारले, “आजी, इथे स्वयंपाकघर होते?” पुढचा तासभर तो प्रश्न विचारीत होता आणि आजी उत्तरे देत होती. आम्हांस मध्ये बोलण्याची संधीच मिळाली नाही.

बळसाणे राहिले. ते पाहण्याची इच्छा आता अधिकच वाढली आहे. कारण प्रकाश्याच्या टेकाडाचा शेवटचा थर जेथे संपतो, साधारण त्याच सुमारास बळसाण्याचे दगड घडविले जात होते. म्हणजे ही दोन स्थळे एकमेकांची प्रतिस्पर्धी नव्हेत. या खोऱ्याच्या कथेतले एकामागून एक येणारे ते अध्याय आहेत. मात्र दिवस एकच हाती असेल, तेव्हा ‘पाहण्यासारखे अधिक कोठे आहे’ एवढेच न विचारता ‘कोणाबरोबर काय पाहावयाचे राहून जाईल’ हेही विचारावे, अशी आमची वाचकांस नम्र सूचना आहे. बळसाण्याच्या खांबांनी आठ-नऊ शतके वाट पाहिली आहे. आणखी एक वर्ष त्यांना जड जाणार नाही.